वर, आत, घरात : अदमासाच्या दिशा

२०११च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या किंचित वर भरली. हीच संख्या ‘नऊ लाखांच्या पुढे’, ‘दहा लाखांच्या आत’ वा ‘दहा लाखांच्या घरात’ अशीही सांगता येते. विधाने सारी खरी; पण ‘पुढे’ म्हणताना वाढ नजरेत भरते, ‘आत’ म्हणताना मर्यादा.

‘वर’ म्हटले की रास डोळ्यांपुढे येते, ‘आत’ म्हटले की कुंपण, ‘अलीकडे-पलीकडे’ म्हटले की नदीचे दोन तीर. ‘सुमारे’ची गोष्ट वेगळी. फारसीतील ‘शुमार’ म्हणजे मोजणी. मराठीत तोच शब्द न मोजल्याची खूण झाला. दिशावाचक शब्दांत मात्र बोलणारा कोठे उभा आहे हे अजून कळते.

ही केवळ मराठीची लकब नव्हे. सोलापूरच्या पेठांत मराठीशेजारी तेलुगू आणि कन्नड नांदतात. तेलुगूतील ‘पैगा’ आणि कन्नडमधील ‘मेल्पट्टु’ हे दोन्ही शब्द ‘वर’ याच कल्पनेतून ‘अधिक’ या अर्थाला पोचले आहेत.

संस्कृत ‘उत्तर’चा प्रवास अधिक बोलका आहे. मूळ अर्थ ‘अधिक वरचा’. त्यातूनच दिशेचे नाव आले आणि ‘नंतरचा’ हा अर्थही. ‘पंचोत्तरशत’ म्हणजे नेमके एकशे पाच. पण आपण ‘साठोत्तरी साहित्य’ म्हणतो तेव्हा १९६०च्या पुढचा, दुसरी सीमा नसलेला काळ सुचवतो. शब्द तोच, नेमकेपणा मात्र सुटला.

इतिहास लिहिताना ही निवड निरुपद्रवी राहत नाही. सोलापुरात १२ मे १९३० रोजी जारी झालेला मार्शल लॉ जूनअखेर उठला. तो ‘दोन महिन्यांच्या आत’ उठला असे लिहिले की शासनाची तत्परता जाणवते. ‘दीड महिन्याच्या वर’ चालला असे लिहिले की शहराने सोसलेला काळ. म्हणून, आम्हांस वाटते, ऐतिहासिक गद्य वाचताना आकड्याइतकेच त्याला चिकटलेल्या शब्दयोगी अव्ययाकडेही पाहिले पाहिजे.

काही संख्यांना तर दिशा लावताच येत नाही. ‘चार लोक काय म्हणतील’ यातले चार कितीही असू शकतात. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे मात्र चारच. त्या चारांना वर नाही, आत नाही, आसपास नाही.