पस्तीस किलोंचा खरेपणा

१९७०च्या दशकातला स्टिरिओ रिसीव्हर कधी उचलून पाहिलाय? रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत घातलेलं हे यंत्र. पायोनियर कंपनीचं १९७८ सालचं ‘एसएक्स-१९८०’ हे मॉडेल तर सुमारे ३५ किलोंचं, दोघांनी धरून हलवावं असं! गाणी ऐकण्यासाठी एवढं वजन कशाला?

त्यामागे एक कायदा आहे. अमेरिकेत १ जून १९६१ रोजी एफएमवर स्टिरिओ प्रसारण सुरू झालं. पुढे ट्रान्झिस्टरचे सेट आले, जपानी कंपन्या बाजारात उतरल्या आणि वॅटच्या आकड्यांची चढाओढ लागली. क्षणभरच मिळणारी ताकद जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापली जाई. गिऱ्हाईक त्याला भुलत असे. म्हणून १९७४ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं नियम केला : वॅट मोजायचे ते दोन्ही चॅनल एकदम चालवून, आणि त्याआधी सेट तासभर एक तृतीयांश ताकदीवर तापवून. यातली मेख अशी, की पूर्ण ताकदीपेक्षा त्या सुमारालाच या ॲम्प्लिफायरचे ट्रान्झिस्टर जास्त तापतात. मोठा आकडा सांगायचा, तर भक्कम ट्रान्सफॉर्मर आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या हव्यातच. नियमानं आकडा खरा झाला आणि पेटी जड झाली.

त्या काळातला असाच एक सेट माझ्या स्नेह्यांनी अमेरिकेहून परतताना आणला होता. अनेक वर्षांनी तो लावला, तर डावी बाजू मुकी. तो १२० व्होल्टवर चालणारा, म्हणून आधी ट्रान्सफॉर्मर जोडला. वाटेत सिरीजमध्ये साधा शंभर वॅटचा दिवा घातला. आत शॉर्ट असेल तर दिवा लख्ख पेटून राहतो आणि सेट वाचतो. दिवा क्षणभर उजळून मंदावला. म्हणजे जिवाला धोका नव्हता.

मग स्पीकरच्या तारांची अदलाबदल केली. आता उजवा स्पीकर मुका झाला. म्हणजे स्पीकर ठीक, दोष सेटमध्येच. आवाज मोठा केला की मुकी बाजू एकदम बोलू लागे, लहान केला की पुन्हा गप्प. ही खूण रिलेची. सेट सुरू केल्यावर काही सेकंदांनी ‘टक्’ असा आवाज होतो ना, तो स्पीकरला संरक्षण देणारा रिले. झाकण काढण्याआधी प्लग काढून बराच वेळ थांबलो, कारण मोठे कपॅसिटर वीज धरून ठेवतात. रिलेचे संपर्कबिंदू काळे पडलेले होते. नवा रिले बसवला आणि डावी बाजू गाऊ लागली.

यात माझं कौशल्य थोडं. कंपनीनं सर्किटचा नकाशा छापला होता, प्रत्येक सुटा भाग दिसत होता आणि स्क्रू फिरवता येत होते. आज कितीतरी यंत्रं उघडायचीच सोय नसते. आपल्याकडेही केंद्र सरकारनं २०२२ साली ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. १९७४च्या नियमाचा धडा तिच्या कामाचा आहे. वस्तू टिकाऊ होते ती कारागिराच्या हातानं, तशीच गिऱ्हाइकाच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या कायद्यानंही.