मूठभर धान्याची शाळा

शाळा सरकारनें काढावयाची व गांवानें तेथें मुलें पाठवावयाचीं, ही कल्पना आज आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे कीं, एके काळीं शाळा गांवच्याच धान्यावर जगत असे याची आठवणही आपणांस क्वचितच होते. पण त्या जुन्या सहकार्याचें कौतुक करण्यापूर्वीं एक प्रश्न विचारला पाहिजे. ज्या गांवानें शाळा पोसली, त्या गांवांत कोणाकोणाची गणना होत होती?

१८२९ च्या सुमारास मुंबई इलाख्यांतील शाळांची मोजदाद झाली, तींत सुमारें १७०० शाळा व ३५ हजार विद्यार्थी आढळले. सरकारी शाळा त्यांत अगदींच थोड्या, बाकीच्या पंतोजींच्या. देवळाची ओवरी, एखाद्या गृहस्थाचा सोपा किंवा पंतोजीचें घर हीच शाळा. मुलांनीं धूळपाटीवर अक्षरें गिरवावीं, पाढे व मोडी शिकावी आणि पालकांनीं पंतोजीस कांहीं पैसा, कांहीं शिधा द्यावा, असा रिवाज होता. वरून हुकूम नाहीं कीं अनुदान नाहीं. लोकांना गरज वाटली म्हणून शाळा चालली. हा त्या पद्धतीचा गुण खराच. तथापि अस्पृश्य मानलेल्या जातींचीं मुलें व बहुतेक साऱ्या मुली या शाळेच्या उंबरठ्याबाहेरच राहिल्या. गांवची शाळा म्हणजे वस्तुतः गांवांतील थोड्या घरांची शाळा होती.

या उणिवेवर नेमकें बोट ठेवलें तें जोतीराव फुले यांनीं. १८४८ सालीं पुण्यास मुलींची शाळा काढून त्यांनीं कृतीनें उत्तर दिलें. आणि १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें केलेल्या निवेदनांत त्यांनीं हिशेबच मांडला. सरकारचा महसूल रयतेच्या कष्टांतून येतो, परंतु त्यांतून होणाऱ्या शिक्षणाचा लाभ वरिष्ठ वर्गांसच मिळतो, असें त्यांचें म्हणणें होतें. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचें करावें व शिक्षक शेतकरी वर्गांतून तयार करावेत, अशी त्यांची मागणी होती. देणारा एक व शिकणारा दुसरा, ही विसंगति त्यांना सलत होती.

ही विसंगति मोडण्याचा मोठा प्रयत्न पुढें सातारा जिल्ह्यांत झाला. भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं कऱ्हाड तालुक्यांतील काले या गांवीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह निघालें, व १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपति शाहूंचें नांव देण्यांत आलें. तेथें निरनिराळ्या जातींचीं मुलें एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत आणि कष्ट करून शिकत. संस्थेच्या खर्चासाठीं मुष्टिफंड सुरू झाला: घरच्या बाईनें रोज मूठभर धान्य शाळेसाठीं बाजूस काढावें. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं तर वसतिगृहांतील मुलांच्या पोटासाठीं आपले दागिने मोडले, आणि मंगळसूत्रही राखलें नाहीं. १९३५ सालीं खेड्यांसाठीं शिक्षक तयार करणारें विद्यालय साताऱ्यास निघालें. पुढें खेडोपाडीं शेंकडों ऐच्छिक प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या.

वरवर पाहतां पंतोजीचा शिधा व मुष्टिफंडाची मूठ यांत फरक दिसत नाहीं; दोन्हींत धान्य गांवचेंच. पण शिधा हा आपल्या मुलाच्या विद्येचा मोबदला होता; मूठ ही दुसऱ्याच्या मुलासाठींही होती. शिध्यानें पंतोजी व पालक यांचा व्यवहार पुरा होई. मुठीनें शाळा साऱ्या गांवाची होई. मूठभर धान्य देण्यास वतन लागत नाहीं कीं विद्वत्ता लागत नाहीं. आणि जो देतो, त्यास शाळेंत काय चाललें आहे हें विचारण्याचा अधिकार आपोआप येतो.

शिक्षणाचा भार सरकारनें उचलावा, ही मागणी रास्तच होती. गरिबाच्या मुलाचें शिक्षण केवळ शेजाऱ्यांच्या औदार्यावर सोडणें न्याय्य नव्हे. परंतु भार उतरला म्हणून नातेंही उतरावें असें नाहीं. आज शाळेची इमारत पक्की आहे, शिक्षकाचा पगार तिजोरींतून येतो. पण गांवांतील प्रत्येक घराला, विशेषतः गांवकुसाबाहेरच्या घराला, ती आपली वाटते काय? ज्या दिवशीं या प्रश्नास निःशंक होकार मिळेल, त्या दिवशीं ती मूठ सार्थकीं लागली असें म्हणतां येईल.