साथीतील आरोग्यविषमता व तिची गणना

साथीच्या रोगाने होणारी हानी आणि लसीकरणादी प्रतिबंधक उपायांचा लाभ यांची निरनिराळ्या जनसमूहांत जी असमान वाटणी होते, तीस साथीतील आरोग्यविषमता म्हणतात. ती दृष्टीस पडावी, यासाठी रुग्ण, मृत व लस घेतलेले यांची नोंद वय व लिंग यांखेरीज जात, व्यवसाय, निवास अशा वर्गांनुसारही ठेवावी लागते. अन्यथा दुर्बल समूहाची हानी सरासरीत लोपून जाते.

मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ उद्भवल्यावर वॉल्डेमार हाफकिन यांनी आपली लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळा तुरुंगातील कैद्यांत लस टोचलेले व न टोचलेले अशी तुलना करण्यात आली. तिसरे आगाखान यांनी स्वतः लस घेतल्याने खोजा समाजात तिचा प्रसार झाला. घरझडती व सक्तीचे विलगीकरण यांनी धास्तावलेल्या इतर वस्त्यांत मात्र सरकारी उपायांविषयी संशय होता.

विषमतेचे ठळक चित्र १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाच्या साथीत उमटले. मुंबईत जूनमध्ये आलेली ही साथ सप्टेंबरपासून उग्र झाली. ६ ऑक्टोबर या एका दिवशी शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. जमातवार दर हजारी मृत्युप्रमाण यूरोपियनांत ८·३, पारशांत ९·०, मुसलमानांत १९·२ व इतर हिंदूंत १८·९ होते. नोंदीत ‘कनिष्ठ जाती’ म्हटलेल्या हिंदूंत मात्र ते ६१·६ पर्यंत गेले. हा भेद शरीरप्रकृतीचा नव्हे, तर दाट वस्ती, अपुरे अन्न व शुश्रूषेचा अभाव यांचा होय. त्या वर्षी पर्जन्य अपुरा पडून धान्यही महागले होते. वसाहतीच्या प्रशासनाने जातवार रकाने समतेच्या हेतूने आखले नव्हते, तरी त्यांमुळेच ही तफावत कागदावर राहिली.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचा प्रश्न वेगळा आहे. बालाघाटच्या डोंगररांगेतील कपिलधार हे क्षेत्र मन्मथस्वामींची समाधी व कार्तिकी पौर्णिमेची यात्रा यांमुळे प्रसिद्ध आहे. यात्रेच्याच सुमारास जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे तोडणीसाठी बाहेर पडतात. मुकादम पतिपत्नींच्या जोडीस ‘एक कोयता’ मानून उचल देतो; त्याच्या हिशेबात स्त्रीची स्वतंत्र गणना होत नाही. राज्य शासनाच्या समितीने २०१९ मध्ये जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढले गेल्याचे आढळले. व्यवसायाचा रकाना ठेवून केलेली ही मोजणी करोनापूर्वी एक वर्षाचीच होय.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा हे कामगार कारखान्यांच्या परिसरात कोप्यांतून अडकून पडले. १७ एप्रिल रोजी शासनाने सुमारे १ लाख ३१ हजार कामगारांना आरोग्यतपासणीनंतर गावी परतण्याची मुभा दिली. १६ जानेवारी २०२१ पासून देशात लसीकरण सुरू झाले. त्याच्या ‘कोविन’ या संगणकीय नोंदवहीत वय, लिंग, ओळखपत्र व लसकेंद्र यांची नोंद होई. जात वा हंगामी स्थलांतर यांची होत नसे. ओळखपत्र नसलेल्या भटक्या व निराधार व्यक्तींसाठी केंद्र शासनाने मे २०२१ मध्ये स्वतंत्र कार्यपद्धती आखली. ऊसतोड कामगारांची अडचण ओळखपत्राची नव्हे, ठिकाणाची होती. मात्रा जेथे टोचली, त्या जिल्ह्याच्या खात्यावर ती चढे. लोकसंख्येत मात्र कामगार मूळ जिल्ह्यातच धरला जाई. कोव्हिशील्डच्या दोन मात्रांतील अंतर मे २०२१ मध्ये १२ ते १६ आठवडे करण्यात आले. साहजिकच पहिली मात्रा गावी व दुसरी परजिल्ह्यातील फडावर, असा प्रसंग हंगामाच्या तोंडाशी संभवे. अशा कुटुंबांपैकी किती जणांना दोन्ही मात्रा मिळाल्या, हे जिल्हावार तक्त्यांवरून काढता येत नाही.