शपथेनंतरचे पहिले बोल

२५ जुलै २००७ रोजी जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावच्या लेकीनं, प्रतिभाताई पाटील यांनी, देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती म्हणून शपथ घेतली. पहिल्याच भाषणात त्यांनी कुपोषण, बालमृत्यू, स्त्रीभ्रूणहत्या संपवण्याची हाक दिली. चार भिंतींत दडपलेलं दुःख त्या दिवशी देशाचं झालं.

२०२२ साली त्याच तारखेला द्रौपदी मुर्मू बोलल्या. गावातून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी मीच, असं सांगून त्या म्हणाल्या, हे यश माझं एकटीचं नाही, देशातल्या प्रत्येक गरिबाचं आहे. ‘मी’चं ‘आपण’ झालं, की ऐकणारीलाही बळ येतं.

आपल्या अहिल्यानगरच्या नव्या सरपंचताईंनो, ग्रामसभेतलं पहिलं भाषण नवऱ्यावर सोपवू नका. गावाचं एक दुखणं नाव घेऊन मांडा, तुमच्याच तोंडानं.