परतीचा उंबरठा

घरांतून बाहेर पडणारा मनुष्य आपल्याकडे 'जातों' म्हणत नाहीं, 'येतों' म्हणतो. चुकून 'जातों' असें तोंडून निघालेंच, तर घरांतील वडील मंडळी त्यास तेथल्या तेथें थांबवून शब्द दुरुस्त करून घेतात. परतण्याची हमी घेतल्यावांचून निरोप द्यावयाचा नाहीं, अशी ही रीत आहे. आणि तोच मनुष्य पुष्कळ दिवसांनीं परत आला म्हणजे त्यास उंबरठ्याबाहेर उभें करावयाचें, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकावयाचा, पायांवर पाणी घालावयाचें, आणि मग आंत घ्यावयाचें.

गेल्या दिवाळींत आमच्या शेजारच्या घरीं हा प्रकार आम्हीं पाहिला. त्या घरचा मुलगा बारा वर्षें अमेरिकेंत काढून बायकामुलांसह कायमचा परत आला होता. आजीनें तुकडा ओवाळला, सर्वांचे डोळे भरून आले, आणि चहाचा पहिला पेला रिकामा होण्यापूर्वींच एका आप्तांनीं त्यास विचारलें, "मग, परत केव्हां जाणार?" मुलगा हंसला. आम्ही मात्र त्या 'परत' शब्दाशीं अडखळलों. तो शब्द कोणाच्याहि नकळत दिशा बदलून बसला होता. तेव्हांपासून आमच्या मनांत असें येऊं लागलें कीं, ओवाळलेल्या तुकड्यांत माया आहे तितकीच शंकाहि आहे. येणाऱ्याबरोबर जें कांहीं आलें असेल तें बाहेर राहावें, असा त्याचा हेतु. घराला माणूस हवा असतो. त्याच्या अंगास लागलेलें परकें वारें नको असतें. समुद्रापलीकडून परतलेल्या महाराष्ट्रीयांचा इतिहास ह्या दृष्टीनें चाळून पाहावा असें आम्हांस वाटलें, आणि त्यांतील कांहीं पानें वाचकांपुढें ठेवीत आहों.

पहिलें पान पेशवाईंतलें आहे. इंग्रजांच्या आश्रयास गेलेल्या रघुनाथरावानें आपलें गाऱ्हाणें थेट विलायतेंत मांडण्याकरितां हणमंतराव नांवाचा ब्राह्मण वकील इंग्लंडास पाठविला. बरोबर मणियार नांवाचा पारशी गृहस्थ होता. १७८१ सालीं ही मंडळी तेथें होती. परक्या देशांत सोंवळें सांभाळतांना त्यांचे हाल होत आहेत हें पाहून एडमंड बर्क ह्या थोर पुरुषानें त्यांस आपल्या बीकन्सफील्ड येथील घरीं नेलें, आणि फुलझाडांसाठीं बांधलेलें कांचेचें घर त्यांच्या स्वयंपाकपाण्यासाठीं मोकळें करून दिलें. पार्लमेंटांतील तो धुरंधर वक्ता, आणि त्याच्या बागेंतील कांचघरांत चूल मांडून बसलेला पेशव्यांचा वकील! हें चित्र आम्हांस मोठें गोड वाटतें.

परतल्यावर जें घडलें तें कॅप्टन विल्फर्ड ह्या संशोधकानें लिहून ठेविलें आहे. विल्फर्डच्या सर्वच लिखाणावर भिस्त ठेवतां येत नाहीं. त्याच्या पंडितानें त्यास बनावट श्लोक पुरवून फसविलें होतें, आणि तें त्यानें पुढें स्वतःच कबूल केलें. परंतु ही हकीकत पुराणांतली नसून त्याच्या काळांतली आहे. तो म्हणतो कीं, वकील जातांना सुएझपर्यंत समुद्रानें गेले आणि येतांना इराणच्या वाटेनें आले. म्लेंच्छांच्या मुलुखांतून फिरून आचार शुद्ध राहणें अशक्य, आणि शिवाय ह्यांनीं अटक ओलांडली, असे दोन आरोप ठेवून त्यांस बहिष्कृत करण्यांत आलें. हा दुसरा आरोप वाचून आम्ही थक्क झालों. १७५८ सालच्या ज्या मोहिमेमुळें अटकेपार झेंडे लावल्याचा अभिमान महाराष्ट्र अद्याप सांगतो, तिचा सेनानायक हाच रघुनाथराव! फौजेनें अटक गांठली तर तो पराक्रम, आणि निःशस्त्र वकिलानें ओलांडली तर तें पातक.

ठिकठिकाणचे विद्वान ब्राह्मण जमले, सभा झाल्या. रघुनाथरावाच्या वजनाचा उपयोग झाला नाहीं. अखेर निर्णय झाला तो असा: हे लोक सच्छील आहेत, गेले तेहि देशकार्यासाठीं गेले, सबब त्यांस नवा जन्म घेण्याची मोकळीक द्यावी. रघुनाथरावानें शुद्ध सोन्याची योनि घडविली, वकील तींतून बाहेर आले, पुन्हां उपनयन झालें, भरपूर दक्षिणा वांटली गेली, आणि ते पंक्तीस बसूं लागले.

ह्या विधीची थट्टा करणें सोपें आहे. आम्ही ती करणार नाहीं. सभेनें आपल्या परीनें दयाच केली. परंतु त्या दयेचा अर्थ असा झाला कीं, विलायतेस जाऊन आलेला हणमंतराव घरांत येऊंच शकत नव्हता. तो नाहींसा करून त्याच्या जागीं नवा जन्मलेला हणमंतराव घ्यावा लागला. त्यांनीं तिकडे काय पाहिलें हा सभेपुढचा प्रश्न नव्हता. त्यांनीं काय खाल्लें हा होता. ज्यांच्याशीं पुढें अवघ्या महाराष्ट्राची गांठ पडावयाची होती त्या राष्ट्राचें घर आंतून पाहून आलेला आपला माणूस, आणि त्याचें तें पाहणें सोन्याच्या दारांतून गाळून बाहेर ठेवण्यांत आलें.

ह्यानंतर शंभर वर्षांनीं एका अठरा वर्षांच्या मुलीनें परतीचा हा प्रश्न निघण्यापूर्वींच हातीं घेतला. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलांत कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. परंतु त्याआधीं, फेब्रुवारींत, बंगालमधील सेरामपूर येथें त्यांनीं जाहीर सभेंत एक भाषण केलें. आपण कां जातों, येथें राहून वैद्यक कां शिकतां येत नाहीं, एकट्या कां जातों, ह्या प्रश्नांबरोबर परत आल्यावर जातीबाहेर टाकलें तर काय, हाहि प्रश्न त्यांनीं स्वतःच घेतला. उत्तराचा आशय असा कीं, मी येथें जशी राहतें तशीच तेथें राहीन, मग मला बाहेर टाकण्याचें कारणच काय? हिंदु म्हणून जाईन आणि हिंदु म्हणूनच परत येऊन राहीन.

हें वचन त्यांनीं तंतोतंत पाळलें. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयांत शिकत असतां त्यांचें लुगडें सुटलें नाहीं, कुंकू पुसलें नाहीं, शाकाहार मोडला नाहीं. तिकडच्या हिंवाळ्यांत ह्या गोष्टींचा अर्थ काय होतो, हें तेथें राहिलेल्या वाचकांस सांगावयास नको. रोझेल येथील कार्पेंटरबाईंनीं त्यांस पोटच्या मुलीप्रमाणें जपलें. दंतवैद्याच्या दिवाणखान्यांत वाट पाहत असतां एका जुन्या मासिकांत गोपाळराव जोश्यांचें पत्र दृष्टीस पडलें, एवढाच काय तो ह्या ऋणानुबंधाचा आरंभ. परंतु बाईंच्या मायेनें फिलाडेल्फियाची थंडी कमी होणार नव्हती. प्रकृति खालावत गेली, खोकला जडला. तरी ११ मार्च १८८६ रोजीं पदवी हातीं आली. प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. देह परदेशीं होता, पण अभ्याससुद्धां घरच्या बाळंतिणींचाच चालला होता!

वचनामुळें मृत्यु आला असें आम्ही म्हणत नाहीं. मृत्यु क्षयानें आला, आणि क्षयानें त्या काळीं कधीं घर न सोडलेल्या हजारों स्त्रिया नेल्या. पण ज्या घरानें मुलीस शिकावयास, म्हणजे बदलावयास, पाठविलें, त्याच घरास ती मुळींच न बदललेली परत हवी होती, आणि ह्या दोन मागण्यांचें ओझें एकाच कृश शरीरानें वाहिलें, हें म्हटल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रीविभागाची जागा त्यांच्यासाठीं ठरून गेली होती. नोव्हेंबर १८८६ मध्यें त्या मुंबईस उतरल्या. पत्रांतून अभिनंदनें आलीं. ज्या समाजाकडून बहिष्काराची धास्ती होती त्यानेंच कौतुक केलें. परंतु रोग्यांस तपासण्यासाठीं आलेली ही डॉक्टरीण स्वतःच अंथरुणाला खिळली. कोल्हापूरची जागा वाट पाहत राहिली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत त्यांचा अंत झाला, तेव्हां बाविसावें वर्ष पुरें व्हावयाचें होतें. मायदेशीं परतून राहणें झालें तें सारें मिळून सव्वातीन महिने.

त्यांच्या अस्थि गोपाळरावांनीं कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या. न्यूयॉर्क राज्यांतील पोकीप्सी येथें त्या बाईंच्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत त्या ठेवण्यांत आल्या. हिंदु म्हणून परत येईन म्हणणारी ती मुलगी परत आली, आणि तिच्या अस्थि पुन्हां समुद्र ओलांडून गेल्या. गोपाळरावांच्या विक्षिप्तपणाविषयीं चरित्रकारांनीं पुष्कळ लिहिलें आहे व तें अन्याय्य नाहीं. परंतु ह्या एका कृतींत त्यांस जें कळलें तें पुष्कळ शहाण्यांस कळलें नसतें, असें आम्हांस वाटतें.

त्यानंतर दहा वर्षांनीं उंबरठ्यावर शास्त्र्यांच्या जागीं सरकार उभें राहिलें. १८९७ सालीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यास गेलेल्या गोखल्यांनीं पुण्याच्या प्लेग-बंदोबस्तांतील सोजिरांच्या वर्तनाविषयीं विलायतेंत जाहीर आरोप केले. ते परतले तेव्हां जुलै संपत आला होता. बोट मुंबईस लागतांच पोलीस कमिशनर बोटीवर चढून त्यांच्यापुढें हजर झाला. ज्या पत्रांच्या आधारावर आपण बोललों त्यांच्या लेखकांचीं नांवें गोखल्यांनीं दिलीं नाहींत. पुरावा मिळेना, म्हणून ऑगस्टच्या आरंभीं त्यांनीं जाहीर क्षमापत्र काढलें. त्यावरून स्वकीयांनींच त्यांची जी निर्भर्त्सना केली, ती वाचतांना हणमंतरावाच्या सभेची आठवण होते. गोखल्यांसाठीं मात्र कोणी सोन्याचें दार घडविलें नाहीं.

पुढें हें सरकारहि गेलें. पण राज्य गेलें म्हणजे दप्तर जातेंच असें नाहीं. वर्ध्यास जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे ऐन तारुण्यांत, १९०६ च्या सुमारास, घर सोडून निघाले. जपान, अमेरिका, गदर पक्ष, पहिल्या महायुद्धांत इराणांतील धामधूम, असे करीत ते १९२४ सालीं मेक्सिकोंत पोंचले, आणि क्रांतीऐवजीं गहूं व मका ह्यांच्या मागें लागले. चापिंगो येथील कृषिविद्यालयांत त्यांनीं शिकविलें, नवीं वाणें तयार केलीं, शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं शाळा काढल्या. १९३६ मध्यें एका बेल्जियन स्त्रीशीं विवाह केला. दोन मुली झाल्या, त्यांतील थोरलीचें नांव सावित्री.

हिंदुस्थान स्वतंत्र झाला तेव्हां खानखोजे साठी ओलांडून गेले होते. आतां घरीं यावें म्हणून त्यांनीं प्रवेशाचा परवाना मागितला, तो पहिल्यानें नाकारला गेला. इंग्रजांनीं केलेल्या काळ्या यादींत त्यांचें नांव होतें, आणि ती यादी इंग्रजांच्या मागेंहि चालू राहिली होती. ज्या राज्याविरुद्ध लढल्यामुळें नांव तींत चढलें, तें राज्य बुडालें. नांव मात्र तसेंच राहिलें! त्या कचेरींतील कारकुनास आम्ही दोष देत नाहीं. त्याच्यापुढें कागद होता, आणि कागदावरचा मनुष्य चाळीस वर्षांपूर्वींचा होता. मागाहून ही अडचण दूर झाली, आणि १९५५ सालीं खानखोजे कुटुंबासह नागपुरास येऊन राहिले. पन्नास वर्षांपूर्वीं सोडलेल्या गांवाकडे ते सत्तरी गांठून, स्पॅनिश बोलणाऱ्या मुलींचा बाप होऊन परतले.

नागपुरांतच २२ जानेवारी १९६७ रोजीं ते वारले. मेक्सिको शहरांत शिक्षणखात्याच्या इमारतींत दिएगो रिवेरा ह्या चित्रकारानें रंगविलेलीं भित्तिचित्रें आहेत. त्यांतील एकांत मेजाभोंवतीं निरनिराळ्या वर्णांचीं माणसें बसलीं असून मधला पुरुष भाकरी मोडून सर्वांस वांटतो आहे. तो खानखोजे, असें मानण्यांत येतें.