चौदा तास राबलात? लिहा, एक दिवस!

आज सुरुवात माझ्या टाइमशीटपासून. आमच्या कंपनीच्या फॉर्ममध्ये दिवसाच्या रकान्यात ८ च्या वर आकडा टाकला की रकाना लाल होतो आणि फॉर्म सेव्हच होत नाही. मागच्या रिलीजच्या आठवड्यात मी रोज १३ तास बसलो होतो. नोंद झाली ४० तासांची.

मला वाटायचं, हा आमच्या एचआरचाच शोध. पण आपल्या देशाच्या रोजगार सर्वेक्षणातही कित्येक वर्षं असंच काहीसं होतं.

१९७० साली मुंबई विद्यापीठाचे प्रा. एम. एल. दांतवाला यांच्या समितीने बेरोजगारी कशी मोजावी यावर अहवाल दिला. त्यानंतर राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या १९७२-७३ च्या फेरीत नवी पद्धत आली. मागचे ७ दिवस घ्यायचे आणि प्रत्येक दिवसाचे दोन अर्धे करायचे. १ तास ते ४ तासांच्या आत काम केलं तर अर्धा दिवस. ४ किंवा त्याहून जास्त केलं तर पूर्ण दिवस. झालं, मोजणी तिथेच थांबली.

यात मूर्खपणा नव्हता हं. तेव्हाचा खरा प्रश्न होता की शेतमजुराला आठवड्यात किती दिवस काम मिळतं. त्यासाठी अर्ध्या दिवसाचं माप बरोबर होतं. पण तेच माप घेऊन शहरात या. सकाळी चार तास क्लास घेणारे सर, एक दिवस. हॉटेलात चौदा तास ताटं उचलणारा पोऱ्या, तोही एकच दिवस!

गंमत म्हणजे कायदा तासांतच बोलत होता. मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम, १९४८. दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८. ही मर्यादा किती जण ओलांडतात, हे त्या अर्ध्या-पूर्ण दिवसांच्या आकड्यांतून कळणारच कसं?

आणि तास हे धंद्याची नाडी असतात. गिऱ्हाईक कमी झालं की मालक लगेच माणूस काढत नाही, आधी त्याचे तास कमी करतो. धंदा वाढला तरी नवा माणूस नंतर येतो, आधी जुन्यालाच थांबवून घेतात. आमच्याकडे तर तो ‘नंतर’ येतच नाही, असो. म्हणजे नोकऱ्यांचा आकडा हलायच्या आधी तासांचा हलतो. पण १४ चे ९ झाले तरी नोंद ‘एक दिवस’च राहिली, तर ते दिसणार कुठून?

२०१७ साली पीएलएफएस, म्हणजे नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण, सुरू झालं. त्यात मागच्या आठवड्यातल्या प्रत्येक दिवशी प्रत्यक्ष किती तास काम केलं, हे विचारतात. आता सेवाक्षेत्राचे सरासरी साप्ताहिक तास काढता येतात.

हे सर्वेक्षण घरोघरी जाऊन होतं. उद्या आमच्या दारात कुणी आलं, तर मी लॅपटॉपसमोरच असणार. माझे तास आईच सांगेल. आणि तिच्या रकान्यात ८ ची मर्यादा नाही.