मिस्टर रॉजर्स नेबरहुड

मिस्टर रॉजर्स नेबरहुड (अर्थ : ‘श्री. रॉजर्स यांचा शेजार’) ही अमेरिकेतील सार्वजनिक दूरचित्रवाणीवर १९६८ ते २००१ या काळात प्रसारित झालेली बालमालिका होय. पिट्सबर्ग येथील डब्ल्यूक्यूईडी केंद्रात तिची निर्मिती होत असे. फ्रेड रॉजर्स (१९२८–२००३) हे तिचे जनक, लेखक, गीतकार व सूत्रधार होते.

स्वरूप

प्रत्येक भागाच्या आरंभी रॉजर्स घरात येत, कोट काढून स्वेटर घालीत, बूट बदलीत आणि पडद्यापुढील मुलाशी संथपणे बोलू लागत. राग, भीती, घटस्फोट, मृत्यू हे विषय त्यांनी टाळले नाहीत. अशा विषयांच्या मांडणीसाठी ते बालमानसशास्त्रज्ञ मार्गारेट मॅक्फार्लंड यांचा सल्ला घेत. त्यानंतर एक छोटी ट्रॉली प्रेक्षकांना बाहुल्यांच्या काल्पनिक राज्यात नेई.

संगीत

रॉजर्स हे संगीतरचनेचे पदवीधर होते. त्यांनी २०० हून अधिक गीते रचली. मालिकेचे संगीत दिग्दर्शक जॅझ पियानोवादक जॉनी कॉस्टा (१९२२–१९९६) हे चित्रीकरण चालू असतानाच स्टुडिओत पियानो वाजवीत. रॉजर्स यांच्या हालचाली व ट्रॉलीची ये-जा पाहून ते तत्क्षणी सुरावट रचीत. साहजिकच शीर्षकगीताची चाल कायम राहूनही तिचा विस्तार पालटत असे. श्रोते लहान आहेत म्हणून संगीत बाळबोध करणे कॉस्टा यांना मान्य नव्हते. मुलांना वयाने लहान परंतु जाणिवेने पूर्ण मानावे, हे मालिकेचे सूत्र संगीतातही पाळले गेले.

सिनेटपुढील साक्ष

१९६९ मध्ये सार्वजनिक प्रसारणाचे २ कोटी डॉलरांचे नियोजित अनुदान निम्मे होण्याची शक्यता निर्माण झाली. १ मे रोजी सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष देताना रॉजर्स यांनी रागावर ताबा मिळविण्याविषयीच्या आपल्या गीताचे शब्द म्हणून दाखविले. अध्यक्ष जॉन पास्टोर यांनी तेथेच अनुदानास अनुकूलता दर्शविली.

प्रौढपणीचे पुनर्दर्शन

मॉर्गन नेव्हिल यांचा माहितीपट (२०१८) आणि टॉम हँक्स यांनी रॉजर्स यांची भूमिका केलेला चित्रपट (२०१९) यांमुळे मालिका प्रौढ प्रेक्षकांपुढे पुन्हा आली. रॉजर्स यांच्या २१ गीतांची १९७३ ची ध्वनिमुद्रिका २०२० मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत समाविष्ट केली. बालपणी केवळ आश्वासक वाटलेल्या त्या सुरांतील जॅझची जाण व कौशल्य मोठेपणी ऐकताना ध्यानात येते. गीतांतील दिलासा मात्र पूर्वीइतकाच राहतो.